चौकट आली की

…काय टाकायचं म्हणालात? परत बोला. अँटिव्हायरस. ह्याच्यावर. — ती चिठ्ठी राहू द्या हो खिशात, तोंडानं सांगितलंत तेवढं पुरे आहे. काका, हा स्टिकर बघितलात, पेंग्विनचा? लिनक्स आहे ह्याच्यावर, लिनक्स. फुकटची सिस्टीम, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, आतलं सगळं उघडं, कुणीही वाचावं. ह्याला अँटिव्हायरस म्हणजे माशाला रेनकोट. कुणी सांगितलं तुम्हाला? बाईंनी? शाळेतल्या बाईंनी. असणारच. शाळावाले, वकील आणि डॉक्टरांच्या बायका — ही तीन गिऱ्हाइकं दारात दिसली की मी आधी ग्लासभर पाणी पिऊन घेतो. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय गेलाय — खोक्यावर बसा, आत प्रिंटर आहे, मेलेला आहे, त्याला काही होत नाही.

आता ऐका, फुकट सांगतोय, परत सांगणार नाही. तुम्ही शाळेची गाडी चालवता ना? मग कळेल तुम्हाला. ह्या मशीनमध्ये काहीही नवीन बसवायचं म्हटलं की मशीन आधी अडवतं, नाक्यावरच्या पोलिसासारखं. एक चौकट येते मध्यभागी — पासवर्ड द्या. पासवर्ड नाही, तर आत प्रवेश नाही, मग तो कितीही मोठा व्हायरस असो. आणि लिहिलेलेच कमी आहेत हो ह्याच्यासाठी! चोर कुठं जातो? जिथं घरं जास्त आणि कड्या ढिल्या, तिथं. आता मेलमधून दुसऱ्यांच्या सिस्टीमचे व्हायरस येऊन पडतात इथं, नाही असं नाही, पण ह्याला त्यांचं काही सोयरसुतक नसतं. तुम्ही ते पुढं पाठवलेत तर पुढच्याचं वाटोळं होतं. ते पुढच्याचं नशीब, आपण काय करणार?

पण लोकांना भीती विकत घ्यायला आवडते. मागच्या आठवड्यात एक वकील आला, मशीन चालत नाही म्हणे, गोगलगाय झालीय. बघतो तर तीन अँटिव्हायरस! तीन! एकमेकांनाच व्हायरस समजून भांडत बसलेले. मी म्हटलं, साहेब, कोर्टात कमी भांडणं होतात का? तोंड वाकडं करून गेला. जाऊ दे. चौदा वर्षं ह्या खुर्चीत बसतोय मी, अर्ध्या गावाच्या मशीनवर हे लिनक्स ह्याच हातांनी चढवलंय, एकालाही कधी काही झालं नाही. एक सोडून. — काही नाही, एक होतं, सोडा. वायर द्या ती इकडे. काळी नाही, जाड. जाड म्हणजे जाड, काका!

कुठलं एक म्हणजे? आहेत तुम्हाला चौकशा. माझ्या बहिणीचं. थोरली आहे, आक्का. पण त्याच्यात मशीनचा काही दोष नव्हता, हं, लिहून देतो. माणसाचा दोष. माणूस समोर बसला की जगातली कुठलीही सिस्टीम काय करणार? आक्का ब्रेलची पुस्तकं करते — न दिसणाऱ्या मुलांची शाळेची पुस्तकं. करायची, घरी बसून. छापील पुस्तक शेजारी ठेवायचं, एकेक ओळ टाइप करायची, मग ते ठिपक्यांत बदलून घ्यायचं, गणिताची चिन्हं, भूगोलाचे नकाशे, सगळं हातानं तपासायचं. पहिली ते दहावी, अकरा वर्षांचं काम. हुशार आहे, तसं नाही. पण मशीनपुढं बसली की अक्कल गहाण! मीच तिला हे लिनक्स चढवून दिलं, जुना अँटिव्हायरस होता तो काढून फेकला. ती म्हणाली, अरे, असू दे की, काय बिघडतंय? मी म्हटलं, आक्का, तुझ्या स्वयंपाकघरात मी नाक खुपसतो का?

आणि मग सुरू झाले फोन. चौकट आलीय रे, काय करू? पासवर्ड टाक. परत चौकट आली. टाक की मग! दिवसाला चार फोन. इथं गिऱ्हाईक बसलंय, हातात वायरी डागायचं सोल्डरचं पेन तापलंय, आणि हिची चौकट! अहो, वाचून दाखवायची मला पूर्ण, पूर्णविरामासकट. एकदा गेलो तिच्या घरी आणि जाड पेनानं चिठ्ठी लिहून स्क्रीनच्या खाली चिकटवली — चौकट आली की पासवर्ड टाकणे. फोन करू नये. — हसताय काय? सोपं केलं मी तिचं. आणि फोन बंदच झाले की हो. दोन वर्षं एक फोन नाही. मी सगळ्यांना सांगायचो, असं शिकवायचं असतं माणसाला.

मग एक दिवस मेल आली तिला. ठिपक्यांच्या प्रिंटरसाठी नवीन फाइल आहे, बसवा. कुणीतरी नेमकं तिच्या कामाचं नाव घेऊन पाठवलेली. हिनं बसवली. चौकट आली, पासवर्ड टाकला. अर्ध्या तासात सगळ्या फाइलींना कुलूप, नावंसुद्धा वाचता येईनात. मी म्हटलं, घाबरू नकोस, बॅकअपची डिस्क आहे ना. ती कायम जोडून ठेव असं मीच सांगितलेलं, विसरते म्हणून. ती पण गेली. आता बघा, गंमत बघा — मशीनवरच्या फाइली तिच्या स्वतःच्या, त्या पासवर्डाशिवायही गेल्या असत्या. पण त्या डिस्कवर वेगळं कुलूप होतं, मी घातलेलं. ते कुलूप फक्त त्या पासवर्डानंच उघडणार होतं.

अँटिव्हायरस असता तर वाचलं असतं का? ह्या अशा फाइलीला? पकडलीही असती, नसतीही. कदाचित एकदा ओरडला असता, थांब म्हणाला असता. कुणीतरी थांब म्हणायला पाहिजे होतं तेव्हा. ती म्हणे अर्धं मिनिट बोट वर धरून बसली होती. फोन हातात घेतला, परत ठेवला. हे तिनं मला नंतर सांगितलं, शांतपणे, आणि मी काय म्हणालो माहितेय? मी म्हणालो, एवढीपण अक्कल नव्हती तुला? तिच्या सुनेसमोर. आणि मग सगळ्या गावाला तेच सांगत सुटलो, बहिणीनं माती खाल्ली म्हणून — दुकानाचं नाव होतं ना, लिनक्सवाला म्हणून लोक येतात. सव्वा वर्ष झालं. बोलत नाही ती. मीही गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार? — ते राहू द्या. तुमचं मशीन सुरू झालं. हं. आत जायला पासवर्ड मागतंय. काय आहे? माहीत नाही? मग आलात कशाला, काका! चिठ्ठीत आहे? तेच आधी सांगायचं ना, आणा ती चिठ्ठी.

‘अँटिव्हायरस बसवून द्यावा. पासवर्ड सांगणार नाही. मी स्वतः येऊन टाकीन.’

हे अक्षर… कुठल्या शाळेचे तुम्ही? म्हणजे तीच शाळा? न दिसणाऱ्या मुलांची? पण ती तर घरी बसून काम करायची. आता शाळेत बसते? त्या मशीनचं झालं तेव्हापासून, बरं. ह्या दुकानातच जा म्हणाली? आणि लिनक्सच ठेवलंय तिनं, एवढं होऊन? आणि तुम्हाला माहीत होतं, मी कोण ते? तरी मघापासून खोक्यावर बसून माझं सगळं ऐकून घेतलंत, वर कुठलं एक म्हणून विचारलंत! कमाल आहे तुमची. — थांबा, मागच्या बाजूला काहीतरी आहे. चिकटपट्टीचा डाग. जाड पेन.

माझीच चिठ्ठी आहे ही. ‘फोन करू नये.’ जपून ठेवली तिनं.

नाही, काही झालं नाही मला. सोल्डरचा धूर जातो डोळ्यांत. — एक विचारू? पुस्तकांचं काय केलं तिनं पुढं? परत? पहिलीपासून? सगळं परत टाइप करतेय? कुठवर आलीय? चौथीचं गणित. अर्धं. म्हणजे अजून सहा इयत्ता… आणि दहावीची मुलं काय वाचतात आता? जुन्या प्रतींचे ठिपके झिजले, दुसऱ्याकडून वाचून घेतात. हं.

टाकतो अँटिव्हायरस. हो, टाकतो म्हटलं ना! आणि डिस्क काम झालं की काढून ठेवायची, कपाटात, लिहून देतो तसं. पण हे बघा, पासवर्डाशिवाय माझं घोडं इथंच अडलंय. ती केव्हा येणार? — बाहेर? आत्ता? गाडीत? एवढा वेळ ह्या उन्हात काचा लावून बसलीय ती आणि तुम्ही मला आत्ता सांगताय! उठा. उठा आधी. जा, बोलवा तिला. सांगा, चौकट आलीय. आणि सांगा, टाकायच्या आधी विचार म्हणावं. चार वेळा विचार म्हणावं, चाळीस वेळा विचार, पूर्णविरामासकट वाचून दाखव. — आणि तुम्ही गाडीतच थांबा, आत येऊ नका. जा की! माझ्या तोंडाकडे काय बघत बसलाय?