मातीत न दिसलेले वाल

चांदूर बाजारची एसटी भरायची होती. सकाळपासून कोणाशी शब्दही न बोललेल्या मनकर्णाबाई खिडकीशी बसल्या होत्या. पुढच्या सीटवर एक आजोबा अन् त्यांची नात.

"गावची शाळा बंद व्हाच्या दिवशी सरानं काय शिकवलं वं?"

"काळ्या मातीत काळे-पांढरे वाल टाकले, आबाजी. चिमटा म्हणजे चोच. पाखरू होऊन दाणे टिपाचे."

"पाखरं किती होते?"

"मी एकटीच. शाळेत दुसरं कोन होतं?"

"मंग?"

"मंग सरबी पाखरू झाले."

"अन् काय टिपलं दोघा पाखरायनं?"

"पांढरेच सापडले. काळे मातीत दिसलेच नाही, म्हणून वाचले. सर म्हणे, वाचले तेच उगवतीन, मंग पुढं काळेच वाढतीन."

"आता चांदूरच्या शाळेत पाखरंच पाखरं. एका वर्गात साठ पोरं हायेत."

"तेवढ्यात मी कोनाले दिसलीच नाही तं?"

"बरंच हाये न! न दिसनाराच वाचते, तूच म्हणतं."

"मी काय वाल हावो, आबाजी?"

गाडी हलली, तशा मनकर्णाबाई पुढे वाकल्या.

"पोरी, नाव काय वं तुहं?"