उलट्या एक्सलचा ट्रॅक्टर

दवाखान्यातल्या बाकावर शिंपीकाका नंबराची वाट बघत होते. शेजारी अंगठ्याला फडकं गुंडाळलेली एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ बसले होते. काकांचे कान आपोआप तिकडे वळले.

"ताई, भंगारातून बागेचा ट्रॅक्टर होत नसतो."

"झालाय की. इंजिन जीपचं, चाकं टेम्पोची."

"अगं, पण मागचा एक्सल तू उलटा बसवलास! चार गियर मागे पळतात, पुढे जातो एकच."

"माहितेय मला."

"सगळी गल्ली हसतेय."

"हसतील त्यांचे दात दिसतील."

"मग आता परत सगळं खोलणार?"

"माझं खेटर अडलंय! सीट फिरवली, स्टिअरिंगही तिकडेच नेलं. त्यातच अंगठा चेचला."

"म्हणजे आता मागची बाजू पुढे?"

"मी जिकडे तोंड करून बसेन, ती पुढे."