शंभूच्या फोननं घेतलेला फोटो

—न्हाय हो, तुमचं काय चुकलं न्हाय. फोनातनं लॅपटॉपवर कागद नीट आलेत तुमचे. आमची सूनबाई महेश्वरी तुमच्यामुळं रडली न्हाय, सकाळपास्नं तसंच चाललंय. बापाला फोन लावाया ओट्यावर गेलीय, येईल अन् छापून देईल. बसा. — काय झालं म्हणता? विचारलंच तर सांगती, पण महेश्वरीच्या कानावर जाऊ देऊ नका.

हे दुकान माझ्या ल्योकानं टाकलं, शंभुलिंगनं. गेल्या साली उमरग्याच्या रस्त्यावर गाडीनं उडवलं त्याला — गेला. फोन तेवढा धड राहिला. महेश्वरीला तो बघवंना, म्हणून आमच्या मालकांनी तिला सांगितलं, शंभूसंगं मातीत ठेवला — आमच्यात पुरत्यात न्हवं. ठेवला न्हवता. माझ्याकडं दिला. रोज दुपारी आतल्या खोलीत दार लावून मी तो उघडती, त्याचा फोटो बघती — दुसरं काय येतंय मला? अन् एकदा ही बाहेर गिऱ्हाईकाची फाइल धाडत बसलेली. वायर न्हाय, काय न्हाय, आसपासच्या फोनांची नावं येत्यात न्हवं लॅपटॉपवर — त्यात आलं, शंभुलिंग. मातीत ठेवलेल्या माणसाचं नाव! गिऱ्हाईक तसंच सोडून ती उठली, परत बसली — हे मागनं तिनंच आवाज धाडला, त्यातनं कळलं मला. दुसऱ्या दिशी त्या नावावर तिनं त्यांच्या पोरीचा फोटो धाडला, शाळेच्या नव्या कपड्यातला. हिकडं माझ्या मांडीवर फोन थरारला. घ्यायचं का नाकारायचं, विचारतो तो. म्या घाबरून दाबलं — घेतलं गेलं. अन् भिंतीपलीकडं ती हसली. शंभू गेल्यापास्नं तिचं हसणं ऐकलं न्हवतं हो. मग कसं सांगू, ही मी हाय म्हणून?

तवापास्नं रोज. कधी फोटो, कधी नुसता आवाज — आज पोरगी अशी बोलली, आज दिवसभर लाईट न्हवती — नवऱ्याला सांगावं तसं. मी कानाला लावून ऐकती. तिला खरंच वाटतं का, तो घेतो म्हणून? ठावं न्हाय. ती विचारत न्हाय, मी सांगत न्हाय.

काल आवाज आला. म्हणती, बाबांनी तेर गावच्या शिवशरण मास्तरांचं स्थळ आणलंय, माणूस बरा हाय, पोरीला आपली म्हणतो. उद्या त्यांचा फोटो धाडते. तुम्ही घेतलात तर जाईन. नाकारलात तर हा विषय पुन्हा काढणार न्हाय.

सकाळी आला फोटो. माझा अंगठा नाकारायवरच गेला — सून जाणार, नात जाणार, आमी दोघं म्हातारी एकमेकांची तोंडं बघत बसणार. दाबलं मात्र न्हाय. जरा वाट बघून फोनाचं ते विचारणं आपसूक गेलं. तिनं पुन्यांदा धाडला. भिंतीपलीकडं बांगडीसुदिक वाजत न्हवती.

म्या घेतला.

मग ती आत आली, माझ्या पायापाशी बसली. म्हणाली, "आत्याबाई, त्यांनी होय म्हटलं." म्या म्हटलं, "म्हणंलच की, त्याला तुझी काळजी हाय." अन् फोन माझ्या पदराखाली, अजून तापलेला.

चांगलं केलं म्हणता? तुमी शंभूला बघितलं न्हाय. ही माहेरी गेली की तो जेवत न्हवता. तो असता तर त्यानं नाकारलंच असतं — माझं पोरगं न्हाय म्हणत असंल तिकडं, अन् म्या त्याच्या नावानं—

आली ती. तुमचे कागद घ्या अन् जावा आता.