दुमडलेला कोपरा

पहिल्यांदा खटकली ती घडी. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली — नाही, एवढ्यात लिहू नका, हे तुमच्या म्युझियमच्या पाटीसाठी नाहीये — म्हणजे आहेही, त्याच गाडीचा इतिहास आहे, पण — एक मिनिट हं मॅडम, बाबांना पुन्हा लावून बघते. वाजतोय. नुसता वाजतोय. गाडी चालवताना ते फोन खिशात ठेवतात, आणि त्या गाडीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे फोन कुठला.

इंजिनच तसं आहे. ते मुळात आमच्या कारखान्याच्या मालवाहू व्हॅनचं, नवं बनवायला वेळच नव्हता, आणि ते उंच पडलं म्हणून बॉनेटवर तो उंचवटा आला — लोक त्याला डौल म्हणतात, होती नुसती अडचण. मग वजन फार झालं. मग जिथून निघेल तिथून वजन काढायला लागले, दाराच्या काचा पातळ केल्या, आणि मागचं चाक धरून ठेवणारा जो दांडा असतो, त्याला पाच भोकं पाडली. सकाळी गाडी खालून बघताना तुम्हीच म्हणालात ना, किती सुरेख दिसतात म्हणून? मी हसलेसुद्धा. तेव्हा मला माहीत नव्हतं — अर्ध्या तासाने कळलं. पहिल्याच नमुन्याचा दांडा चाचणीत तडकला, तिसऱ्या भोकापाशी, उतारावरच्या वळणांवर. चाक निखळलं. चालवणारा त्यानंतर कधी गाडीत बसला नाही. मग भोकं रद्द. विकल्या त्या सगळ्या गाड्यांचे दांडे भरीव. बाबा चाचणीच्या कामाला लागले ते त्यानंतर, त्यांनी भोकाचा दांडा कधी पाहिलेलाच नाही.

मग या गाडीला भोकं कशी, हेच ना? तुमच्या म्युझियमसाठी गाडी पुन्हा उभी करताना वर्कशॉपने दांडा नवा बनवला, ड्रॉइंगवरून. आणि ड्रॉइंग दिलं मी. दोन होती, नंबर एकच, सहीही एकच. मी त्यातलं जास्त रेखीव ते दिलं. आता बघा, जुने ड्राफ्ट्समन कागदावर 'रद्द' असं लिहायचेच नाहीत — आपल्या हातच्या कामावर काट मारवत नसे म्हणे — नुसता खालचा कोपरा दुमडायचे. कारखान्यात सगळ्यांना कळायचं. आणि मी — जुनी ड्रॉइंगं स्कॅन करायचं काम माझं, स्कॅनरला कागद सपाट लागतो ना — मी चारशे कागदांचे कोपरे सरळ केले. पट्टीने दाबून, वर पुस्तकांचा गठ्ठा ठेवून. इतकं नीटनेटकं काम म्हणून शाबासकीसुद्धा घेतली.

हे सांगितलं म्हाताऱ्या ड्राफ्ट्समनकाकांनी, तुमच्या पाटीसाठी तारीख विचारायला फोन केला तेव्हा, आणि मी आपलं सहज घडीचं विचारलं — कधी म्हणजे? सकाळीच. गाडी निघायच्या — हो. आधी. असं बघू नका ना. मी धावतच खाली गेले होते. बाबा हातमोजे चढवून बसलेले, शेजारी तुमचा फोटोग्राफर, आणि फोरमन म्हणाला, "या ससेबाई, आज काय झालं, टोस्ट उडाला?" आणि बाबा हसले. दचकते मी टोस्टरला, खोटं कशाला बोलू. दाराला, फोनला, स्वतःच्या शिंकेला. मग मला वाटलं, हेही त्यातलंच असेल, मला काय सगळ्यातच काहीतरी दिसतं — आणि मी म्हटलं, "काही नाही, सावकाश जा." एवढंच. सावकाश जा. आणि वर येऊन तुम्हाला कॉफी करून दिली.

फोटोग्राफरला लावता का तुम्ही? बंद? अहो, उतारावरच काढायचेत ना फोटो, वळणांवर गाडी छान दिसते म्हणून — थांबा. वाजायचं थांबलं. बाबा? बाबा, गाडी थांबवा. नाही, सावकाश नको, थांबवाच —