शेवयांच्या खिरीतली सुई

मंडळी, आज एकच विचारतो. दुसऱ्याची चूक आपल्या हाती लागली, तर तिचं करायचं काय? — हसू नका. पुढच्या रांगेच्या डोळ्यांत मला उत्तर दिसतंय, आणि ते काही बरं नाही!

तर ऐका. दत्तजयंतीचा दिवस. देवळामागे शेवयांची खीर उतरवून निवायला ठेवलेली. कढई एवढी, की बैल आत पडला तर पोहून बाहेर यावा! खीर केलेली भागीरथीबाईंनी. त्या आरतीला गेल्या, म्हणून धाकटी जाऊ अनसाबाई राखणीला बसली. बसल्या बसल्या देवाचा हार ओवत होती. खिरीवर साय धरेल म्हणून उठली, दोरा संपलेली सुई सवयीनं पदराला खोचली, वाकून खीर ढवळली. परत बसली — तर पदराला सुई नाही!

फुलं चिवडली, पदर झाडला, जमीन हातांनी चाचपली. नाही. कढईत बघावं, तर शेवई आणि सुई ओळखायची कशी? गाळावं, तर शेवयाही फडक्यातच राहणार. आणि पहिली पंगत लेकरांची. ती बाहेर ताटं वाजवायला लागलेली.

जावेला सांगावं? जी अनसाबाईचं पहिल्या सणाचं आळणी पिठलं नातवंडं झाली तरी विसरली नव्हती, तिला?

अनसाबाई धावली ती कर्णेवाल्या इब्राहिमकडे. त्याच्याजवळ फुटक्या कर्ण्यातलं लोहचुंबक होतं. ते खिशात घालून तो सायकलवर बसला, की पॅडल मारावं लागत नसे. पुढच्या गावची ऐरणच त्याला ओढून घ्यायची! — तुम्ही हसा. अनसाबाई ते मागून घेऊन कढईकडे पळत आली. चुंबक वंगणानं काळंकुट्ट, प्रसादात बुडवायचं कसं? तिनं ते कढईला बाहेरून लावलं, म्हणजे आतली सुई काठाशी येईल. थाड! चुंबक कढईलाच चिकटलं. लोखंड ते! सगळी ओढ स्वतःच धरून बसलं, आत पोचू देईना. अनसाबाई पाय रोवून ओढतेय, आणि मागे भागीरथीबाई उभ्या.

"काय चाललंय गं?"

"सुई पडली, अक्का. माझ्या पदराची."

मंडळी, केवढी संधी! पण भागीरथीबाईंनी बाहेरची ताटं ऐकली. दोघींनी मिळून चुंबक ओढून काढलं. मग त्या चहाचे काचेचे पेले घेऊन आल्या. "भर," एवढंच म्हणाल्या.

पितळी गडूतूनही ओढ आत गेली असती, लाकडी कठवटीतूनही गेली असती; पण आतलं दिसलं नसतं. काच ओढही जाऊ देते आणि नजरही. पेला भरायचा, बाहेरून चुंबक फिरवायचं, खीर दुसऱ्या पातेल्यात ओतायची. वाढपी दोनदा डोकावून गेले. कढईचा तळ दिसायला लागला, तरी सुई नाही. कुणी आधीच वाटीभर नेली तर नसेल? विचारायचा धीर दोघींनाही होईना.

आणि तळच्या पेल्यात एक शेवई हलली. काचेला आतून चिकटून, चुंबकाच्या मागोमाग सरळ वर चढू लागली. अनसाबाईनं चिमटीत धरून सुई बाहेर काढली.

लेकरं जेवली. मग विश्वस्तांनी चारचौघांत विचारलं, आज वाढायला उशीर का?

भागीरथीबाई म्हणाल्या, "खीर जरा लागली होती. माझ्याकडून."

मंडळी, आज घरी गेल्यावर कुणाची तरी चूक तुमच्या हाती लागेलच. लोखंड होऊन धरून बसाल, की काच होऊन पार जाऊ द्याल? — आणि त्या खांबाजवळच्या दोघी जावा, एकमेकींकडे चोरून बघू नका. सरळ बघा! तोवर आम्ही टाळ धरतो.