दरवर्षी नवी गाडी

मी मूळची नागपूरची, महाल भागातली. लग्न झालं आणि बाविसाव्या वर्षी ईलिंगला आली, आमचे हे इथं बस चालवायचे आणि मी एका शाळेत डिनर लेडी, पोरांना जेवण वाढायची, सत्तावीस वर्षं तेच केलं. इथं येऊन चाळीसच्या वर वर्षं झाली तरी बोलणं नागपूरचंच राहिलं, तुम्ही ते सुधारत बसू नका, मी जशी बोलून राहिली तसंच लिहा.

निखिल आमचा एकुलता एक. बाराव्या वर्षी माझ्या डोक्याच्या वर गेला आणि सोळाव्या वर्षी दाराच्या चौकटीला डोकं आपटायला लागला, सहा फूट सहा इंच, माझ्या भावांवर गेला. शाळेतल्या सरांनी त्याला बास्केटबॉलला घातलं. आमच्या महालातही ग्राउंड होतं, मीही नववीपर्यंत खेळली, मला आनंदच झाला, पण यांना वाटे पोट्टा इंजिनियर व्हावा. मग ब्रिस्टलच्या एका क्लबने त्याला घेतलं, पगार देऊन, तर हे म्हणाले, खेळायचे पैसे देतात? असं काही असतं काय बापा?

पहिला सीझन सुरू व्हायच्या आधी, सप्टेंबरात, तो घरी आला तो कोरी गाडी घेऊन. दारावर त्याचं नाव रंगवलेलं, बाजूला क्लबचं आणि कुठल्यातरी शोरूमचं. मला वाटलं, आपल्याकडे सत्कारात गाडी देतात ना, तशी दिली असेल. यांनी चष्मा पुसून ते नाव वाचलं आणि भर रस्त्यात उभे राहून रडले, आयुष्यभर दुसऱ्याची बस चालवली होती त्या माणसाने. मी पळतच आत गेली, ताट केलं, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. निखिल म्हणून राहिला होता, आई, ऐक ना, आई, मला सांगायचंय. मी म्हटलं, नंतर सांग, आधी लिंबावरून गाडी ने.

आणि काय सांगू तुम्हाला, पुढच्या सप्टेंबरात पुन्हा नवी गाडी. त्याच्या पुढच्या सप्टेंबरात आणखी नवी. तेरा सीझन, तेरा गाड्या, तेरा नारळ. दरवर्षी नवी गाडी घेतो आमचा निखिल, मी सगळ्यांना सांगत सुटली. आमच्या मंडळातल्या जोशीबाईंनी तर फोनवर दाखवलं, कुठल्यातरी साइटवर त्याचा फोटो आणि खाली नेट वर्थ, तीन मिलियन पौंड. मी ते नागपूरला तिन्ही भावांना पाठवलं. हे गेले तेव्हाही शेवटी तेच बोलले, पोट्ट्याची काळजी नाही आता.

मग मागच्या मे महिन्यात त्याचं खेळणं संपलं. गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालं आणि क्लबने सांगितलं, पुढच्या सीझनला नको. मी दार उघडलं तर हा दोन बॅगा घेऊन उभा, ट्रेनने आलेला. मी म्हटलं, गाडी कुठं आहे? म्हणतो, परत दिली. परत? कोणाला परत? तर म्हणाला, आई, ती गाडी माझी नव्हतीच, कधीच नव्हती. शोरूमवाले सीझनपुरती देतात, त्यांची जाहिरात, मे महिन्यात घेऊन जातात. तेराही? तेराही. मग फ्लॅट? तोही क्लबचा, तिघं राहायचे त्यात. आणि उन्हाळ्यात कॅम्पला जायचास तो? कॅम्प नव्हता, आई, वेअरहाउसात काम करायचो, पगार नऊच महिने असतो. आणि ते तीन मिलियन? तो हसला, ते हसणंही नव्हतं, म्हणाला, ते कुठलातरी कंप्युटर अंदाजाने लिहितो.

गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं, मी पाहून राहिली आणि गॅस बंद करायचं सुचेना. मी म्हटलं, मग मी तेरा वर्षं पूजा कोणाच्या गाड्यांची केली? आणि तेव्हा कळलं, की तो परत जाताना मेडनहेडला पेट्रोल पंपावर थांबायचा आणि ते कुंकू ओल्या फडक्याने पुसायचा. इथले लोक त्या स्वस्तिकाला भलतंच समजतात, आणि गाडी शोरूमची. तेरा वर्षं पोरगं कुंकू पुसून राहिलं आणि मला पत्ता नाही! मी म्हटलं, काहून नाही सांगितलं रे? तर म्हणाला, बाबा रस्त्यात रडत होते ना.

आठ दिवस मी त्याच्याशी बोलली नाही. आणि त्यात रविवारी मंडळात त्याचा सत्कार, मीच अध्यक्षांच्या मागे लागून ठरवलेला. निखिल म्हणाला, आई, तू काही सांगू नको, मी गप बसेन, तुझं नाव राहील. गेलो आम्ही. हॉल भरलेला. अध्यक्ष माईकवर म्हणाले, आपल्यातला पहिला करोडपती खेळाडू. निखिल एवढा मोठा माणूस, खुर्चीत मावत नव्हता, आणि मान खाली घालून बसलेला. मला ते पाहवलं नाही हो. मी वर गेली, माईक घेतला. म्हटलं, करोडबिरोड काही नाही, ते सगळं मीच उठवलं. गाड्या शोरूमच्या होत्या, फ्लॅट क्लबचा होता. गुडघे तेवढे याचे स्वतःचे होते, तेही त्याने खेळात घातले. तरी सत्कार करायचा असेल तर करा, नाही तर आम्ही जेवून घरी जातो.

मग जोशीबाईच शाल आणि नारळ घेऊन उठल्या, त्यांचा हात पोचेना, तेव्हा निखिल वाकला.

आता तो एका शाळेत पोरांना खेळ शिकवतो, माझ्याकडेच राहतो. दोन महिन्यांपूर्वी दारात एक गाडी येऊन उभी राहिली, नऊ वर्षं जुनी, पुढून ठोकलेली, दारावर कोणाचंच नाव नाही. मला वाटलं शेजाऱ्यांची. तर निखिल उतरला आणि म्हणाला, आई, नारळ आहे का घरात? सत्काराचाच होता, देवाजवळ ठेवलेला. मी ताट घेऊन आली, कुंकू बोटाला लावलं आणि हात तिथंच थांबला माझा, रस्त्यावर माणसं जाऊन येऊन राहिली होती. तर त्याने बोनेट उघडून वर टेकवलं आणि म्हणाला, इथं काढ, आतून. इथलं मी पुसणार नाही.

काढलं मी. अजून तसंच आहे. सुखी राहो बापा पोट्टा. आणि तुम्ही चहा घेतल्याशिवाय जाऊ नका.