भाव एकानं सांगायचा

सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या गावच्या नगराध्यक्ष माग्नहिल्डबाई, आजचे सत्कारमूर्ती आर्नफिन येल्ले, त्यांच्या पत्नी ऑडनीवहिनी, हॉलंडहून मुद्दाम आलेले आपले मालक, आता एकटेच मालक, श्री. वीत्से हूकेमा, आणि कॉफी संपवून वॅफलच्या टेबलाकडे डोळा लावून बसलेल्या माझ्या जाळेघरातल्या बंधुभगिनींनो,

मी बोरगिल्ड, जाळी शिवणाऱ्यांची मुकादम. एरवी मी आर्नफिनला अरे-तुरेच करते, आमच्याकडे सगळेच करतात. आज हातात माइक आहे म्हणून अहो-जाहो. जीभ अडखळली तर सांभाळून घ्या.

आर्नफिन यांची स्तुती करायला मला सांगितलंय. आता स्तुती करायची कशी? या किनाऱ्यावर स्वतःच्या वस्तूला चांगलं म्हणणं म्हणजे लाज. नवी कोरी बोट घेतलेल्या माणसाला विचारा कशी आहे, तो म्हणेल, "तरंगते." आर्नफिन तर त्याच्याही पुढचे. त्यांच्या कंपनीच्या गाठीची जाळी फ्योर्डच्या अख्ख्या खाडीत सॅमन माशांच्या पिंजऱ्यांना लागली होती, तरी ते म्हणायचे, "हं, धरतात मासे."

पण एका हिवाळ्यात वादळानं जाळी फाटली आणि शेजारच्या मत्स्यशेतीतले मासे समुद्रात गेले. गाठ सुटली नव्हती, धागा तुटला होता. चांगला धागा वीत्सेसाहेबांच्या गिरणीत होता, पण परक्याकडून जाळं घ्यायला इथलं कुणी तयार नव्हतं. एकाकडे धागा, पण गिऱ्हाईक नाही. दुसऱ्याकडे गिऱ्हाईक, पण धागा नाही. शिवाय नव्या यंत्रांचा खर्च एकट्याच्या आवाक्यातला नव्हता. मग वीत्सेसाहेब आले. जेवणाच्या सुट्टीत दोघांनी पिशव्या उघडल्या, तर दोघांच्याही कागदात तोच कोरडा पाव आणि चीज. मी समोर बसले होते.

"तुझी गाठ, माझा धागा," वीत्से म्हणाले.

"आणि बुडालो तर?"

"निम्मा तू बुड, निम्मा मी."

झालं. दोन कंपन्या आपापल्या जागी राहिल्या आणि मधल्या अंगणात तिसरी चूल पेटली. ती चूल म्हणजे आपली ही सामाईक कंपनी. निम्मी मालकी यांची, निम्मी त्यांची. संचालक दोन यांचे, दोन त्यांचे. नफा वाटून, तोटाही वाटून. लोक विचारायचे, तुमचा खरा मालक कोण? मी म्हणायची, दोन आहेत, म्हणून तर सुखात आहोत. एक रागावला की दुसऱ्याकडे जाता येतं. हसताय? तुम्हीही जात होतात की.

आता सांगा, दोघांची मतं सारखीच मोलाची असली की भांडण मिटवायचं कुणी? वीत्सेसाहेबांना शिवणकाम लिथुआनियात न्यायचं होतं, तिथे मजुरी कमी. आर्नफिन म्हणाले, हात इथलेच राहतील. बैठकीत दोन विरुद्ध दोन. पुन्हा बैठक, पुन्हा दोन विरुद्ध दोन. अशा वेळेसाठी करारात एक कलम होतं. मुलांना केक वाटताना आपण काय करतो? एकानं कापायचा, दुसऱ्यानं आधी उचलायचा. तसंच हे. निम्म्या हिश्शाचा भाव एकानं सांगायचा. मग त्या भावानं आपलं निम्मं विकायचं की समोरच्याचं निम्मं घ्यायचं, हे दुसऱ्यानं ठरवायचं. भाव सांगणाऱ्याला आपण घेणार की देणार हे ठाऊक नसतं, म्हणून तो वाजवीच सांगतो. निदान वकील तरी तसं म्हणाले होते.

वकील इथले नव्हते. आर्नफिन यांनी भाव सांगितला तो असा की जणू एखादी गळकी होडी विकायला काढलीय. वीत्सेसाहेबांनी विकलं नाही. त्यांनी घेतलं.

सह्या झाल्या. शिवणकाम जाणार. आपल्यातल्या कुणाकुणाला घरी बसावं लागणार, हे या सभागृहात सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच आज वॅफलसुद्धा गोड लागणार नाहीत.

मागच्या आठवड्यात सह्यांसाठी आले तेव्हा वीत्सेसाहेब मला अंगणात भेटले. मी तोंड फिरवलं. ते म्हणाले, "बोरगिल्ड, तू का चिडतेस? त्यालाच सुटायचं होतं. इतका कमी भाव माणूस कधी लावतो? थकल्यावरच. मला वाटलं, मित्र आहे, लाजतोय, त्याला विनवायला लावू नये. म्हणून मी लगेच हो म्हटलं."

मी तशीच आर्नफिनकडे गेले. तो कपाट रिकामं करत होता. बघा, अहो-जाहो सुटलंच. राहू दे. त्यानं ऐकलं आणि खाली बसला. मग म्हणाला, "मी थकलो नव्हतो गं. आपण केलेल्या गोष्टीचा मोठा आकडा आपणच कसा लिहायचा? मला वाटलं, वीत्से हसेल, फोन करेल, म्हणेल, वेड्या, एवढ्याला कुणी देतं का? मग बसून बोलू." मी म्हटलं, "अरे, मग तू तरी का नाही केलास फोन?" तो म्हणाला, "भाव सांगून झाल्यावर कसा करणार?"

इतकी वर्षं दोघांनी एका टेबलावर पाव खाल्ला आणि एक प्रश्न कुणी विचारला नाही. एकानं दुसऱ्याचा मान राखला, दुसऱ्यानं पहिल्याची वाट पाहिली, आणि आपली चूल विझली. मला याचं फार वाईट वाटतं. कुणी लुबाडलं असतं तर रागावता तरी आलं असतं.

सभागृह देणाऱ्या नगरपालिकेचे, पहाटे उठून पीठ भिजवणाऱ्या मंडळींचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, मानापमानात कमी-जास्त झालं असेल, तर पोटात घाला.

एक चूक मात्र मी जाणूनबुजून केलीय, तिची माफी सभेकडे मागून भागणार नाही. आर्नफिन, त्या दिवशी मी निघताना तू म्हणाला होतास, "हे वीत्सेला कधी सांगू नकोस. त्याला झोप लागणार नाही." मी हो म्हटलं होतं.

वीत्से, आता तुम्हाला कळलंय. आर्नफिन, तू मला माफ नाही केलंस तरी चालेल.